घटक ४ : विकेंद्रित वीजनिर्मिती आणि उद्याचा वीजपुरवठा

घटक रचना

४.० उद्दिष्टे
४.१ प्रास्ताविक
४.२ विषय-विवेचन
४.२.१ केंद्रित वीजव्यवस्थेची घडण
४.२.२ केंद्रित व्यवस्थेच्या मर्यादा
४.२.३ विकेंद्रीकरण : संकल्पना आणि विचारपरंपरा
४.२.४ शेतीची वीज : रात्रीकडून दिवसाकडे
४.२.५ घराच्या छतावरील वीज
४.२.६ विकेंद्रीकरणापुढील प्रश्न
४.२.७ उद्याचा वीजपुरवठा
४.३ सारांश
४.४ पारिभाषिक शब्द
४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
४.६ स्वाध्याय
४.७ क्षेत्रीय कार्य

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला

• केंद्रित आणि विकेंद्रित वीजनिर्मिती यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• महाराष्ट्रातील वीजव्यवस्थेच्या घडणीचे मुख्य टप्पे सांगता येतील.
• सौर कृषी वाहिनी, सौर पंप आणि छतावरील सौर संच यांचे कार्य समजावून सांगता येईल.
• विकेंद्रीकरणाचे लाभ आणि त्याच्या मर्यादा यांची तुलना करता येईल.
• आपल्या परिसरातील वीजपुरवठ्याविषयी स्वतःचे मत साधार मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ऊर्जेच्या पारंपरिक आणि अपारंपरिक साधनांचा परिचय करून घेतला. वीज कशापासून तयार होते, हा तेथील मुख्य प्रश्न होता. या घटकात आपण आणखी तीन प्रश्न विचारणार आहोत. वीज कोठे तयार होते? ती कोण तयार करतो? आणि ती कोणाला, कोणत्या वेळी मिळणार हे कोण ठरवतो?

हे प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचे वाटतात. पण तुमच्यापैकी जे शेती करतात, त्यांना त्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील शेतीपंपांना दीर्घकाळ आळीपाळीने काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री वीज मिळत आली आहे. रात्रीची पाळी आली की गहू किंवा उसाला पाणी देण्यासाठी शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतात जातो, अंधारात दारे धरतो. पायाखाली साप असतो, उसात बिबट्या असू शकतो, ओल्या हाताने स्टार्टर चालू करावा लागतो. अशा वेळी पंपाला वीज मिळाली, हे नोंदवहीच्या दृष्टीने खरे असते. पण ती कोणत्या प्रहरी मिळाली, यावर माणसाची झोप, त्याचे आरोग्य आणि कधी कधी त्याचा जीवही अवलंबून असतो.

वीज दूरच्या एखाद्या मोठ्या केंद्रात तयार होण्याऐवजी वापराच्या जवळ, लहान लहान प्रमाणात तयार झाली तर या स्थितीत कोणता बदल होईल? तो बदल सर्वांना सारखाच हितावह असेल काय? या प्रश्नांचा विचार आपण प्रस्तुत घटकात करू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ केंद्रित वीजव्यवस्थेची घडण

सार्वजनिक वीजपुरवठ्याचा आरंभ विकेंद्रित स्वरूपातच झाला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टॉमस एडिसन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथील पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. तेथून निघणारी वीज एकदिश प्रवाहाची होती आणि ती केंद्राच्या आसपासच्या भागालाच पुरवता येत असे. वीज दूर नेणे त्या काळी परवडणारे नव्हते.

त्याचे कारण समजून घेऊ. तारेतून विद्युतप्रवाह वाहताना तार तापते आणि काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ही हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच शक्ती दहापट दाबाने पाठवली, तर प्रवाह एक दशांश होतो आणि त्याच तारेतील हानी एक शतांशावर येते. म्हणून वीज दूर न्यायची तर तिचा दाब वाढवावा लागतो आणि वापराच्या ठिकाणी तो पुन्हा कमी करावा लागतो. प्रत्यावर्ती प्रवाह आणि रोहित्र यांमुळे हे सुलभ झाले. आपल्या गावात ज्याला सरसकट ‘डीपी’ म्हणतात, त्या ठिकाणचे रोहित्र हेच दाब उतरवण्याचे काम करीत असते.

वीज दूर नेता येऊ लागताच वीजकेंद्रे मोठी झाली आणि ती कोळसा किंवा पाणी असेल तेथे गेली. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे टाटांचा जलविद्युत प्रकल्प. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून तयार होणारी वीज १९१५ पासून मुंबईला मिळू लागली. गिरण्यांना ती वरदान ठरली.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. मुंबईच्या विजेसाठी मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी वाचवण्यासाठी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि या लढ्यामुळेच ते ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण अखेर झाले. वीज शहराला मिळाली आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. वीज एका ठिकाणी, तिची किंमत मोजणारे दुसऱ्या ठिकाणी, हे केंद्रित व्यवस्थेचे वैशिष्ट्य येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा पाया घातला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाने राज्याच्या उद्योगांना बळ दिले. त्याची एकूण क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे. कोळशाजवळ उभारलेल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. खेड्यापाड्यांत दिवा पोहोचवण्याचे मोठे काम याच व्यवस्थेने केले, हे विसरता येणार नाही. पुढे २००३ च्या वीज कायद्यानुसार वीज मंडळाची पुनर्रचना झाली आणि २००५ मध्ये महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या. वीज तयार करणे, ती दूर वाहून नेणे आणि ग्राहकापर्यंत पोहोचवणे ही तीन कामे या तीन नावांतूनच स्पष्ट होतात.

४.२.२ केंद्रित व्यवस्थेच्या मर्यादा

मोठ्या केंद्रांवर आधारलेल्या व्यवस्थेच्या मर्यादा चार मुद्द्यांत मांडता येतील.

(अ) ऊर्जेची हानी : औष्णिक केंद्रात कोळशातील उष्णतेपैकी साधारणपणे एक तृतीयांश उष्णतेचेच विजेत रूपांतर होते. उरलेली धुराड्यातून आणि पाण्याबरोबर निघून जाते. त्यानंतर पारेषण आणि वितरणात आणखी घट होते. शेतापर्यंत गेलेल्या लांबलचक लघुदाब वाहिन्यांमध्ये ही घट विशेष जाणवते. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब इतका कमी होतो की मोटार सुरू होताना कुरकुरते आणि पुष्कळदा जळते. मोटार भरून आणण्याचा खर्च अर्थातच शेतकऱ्यालाच सोसावा लागतो.

(आ) एकत्र कोलमडण्याचा धोका : वीजजाळ्यात निर्मिती आणि मागणी यांचा तोल क्षणोक्षणी राखावा लागतो. तो ढळला तर बिघाड दूरवर पसरू शकतो. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची वीजजाळी एकाच वेळी बंद पडली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसरातील वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या.

(इ) पर्यावरणीय भार : राख, धूर, पाण्याचा मोठा वापर आणि कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन यांचा भार मुख्यतः केंद्राच्या परिसरातील लोकांवर आणि पुढील पिढ्यांवर पडतो.

(ई) निर्णयाचे अंतर : वीज कोणाला आणि केव्हा द्यायची, हे दूरच्या नियंत्रण कक्षात ठरते. मागणी वाढली की भारनियमन प्रथम कोणाच्या वाट्याला येते, हे ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनी स्वतः अनुभवले असेल.

स्वयं-अध्ययन प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.

१) तीच शक्ती दहापट दाबाने पाठवल्यास तारेतील हानी (एक दशांश / एक शतांश / दहापट) होते.
२) मुळशी सत्याग्रह (१९१५ / १९२१ / १९४८) मध्ये झाला.
३) वीज ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचे काम (महानिर्मिती / महापारेषण / महावितरण) ही कंपनी करते.

४.२.३ विकेंद्रीकरण : संकल्पना आणि विचारपरंपरा

वीज जेथे वापरली जाते तेथे किंवा त्याच्या जवळपास, लहान अथवा मध्यम क्षमतेच्या संचांतून ती तयार करणे, याला विकेंद्रित वीजनिर्मिती म्हणतात. छतावरील सौर संच, शेतातील सौर पंप, उपकेंद्राशेजारचा काही मेगावॅटचा सौर प्रकल्प, गोबरगॅसवर चालणारे जनित्र, ओढ्यावरील लहान जलविद्युत संच ही तिची रूपे होत. साखर कारखान्यात उसाच्या चिपाडांपासून होणारी सहवीजनिर्मिती हेही महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण आहे. गाळप हंगामात कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि उरलेली वीज जाळ्याला देतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. सौर ऊर्जा आणि विकेंद्रित ऊर्जा हे समानार्थी शब्द नाहीत. वाळवंटातील हजारो मेगावॅटचा सौर प्रकल्प अपारंपरिक आहे. पण तो केंद्रितच आहे. उलट बाजारपेठेतील दुकानापुढे धडधडणारे डिझेल जनित्र विकेंद्रित आहे; पण ते स्वच्छ नाही. ‘कशापासून’ आणि ‘कोठे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

या विचाराची परंपरा जुनी आहे. महात्मा गांधींच्या ग्रामस्वराज्याच्या कल्पनेत गावाच्या मूलभूत गरजा गावातच भागाव्यात, हा आग्रह होता. ई. एफ. शूमाकर यांनी १९७३ मध्ये ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथात माणसाच्या आवाक्यातील तंत्रज्ञानाचा पुरस्कार केला. भारतात बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांनी १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र उभे केले. कर्नाटकातील पुरा या गावात त्यांच्या गटाने सामुदायिक गोबरगॅस संयंत्र बांधले. प्रारंभी गॅस स्वयंपाकासाठी द्यावा असा विचार होता. पण शेण तेवढे पुरेसे नव्हते. मग त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज तयार करण्यात आली आणि तिच्यातून पिण्याचे पाणी व घरांतील दिवे यांची सोय झाली. यंत्र कोणते आणावे यापेक्षा गावाची गरज कोणती, येथून विचार सुरू केला पाहिजे, हा या प्रयोगाचा धडा आहे.

४.२.४ शेतीची वीज : रात्रीकडून दिवसाकडे

महाराष्ट्रात सुमारे ४५ लाख शेतीपंप वीजवाहिन्यांना जोडलेले आहेत. घरे आणि उद्योग यांची मागणी सांभाळताना हा भार रात्रीकडे ढकलला गेला. सूर्य मात्र दिवसा तळपतो आणि पिकालाही दिवसा पाणी देणे सोयीचे असते. निर्मिती आणि गरज यांची वेळ येथे जुळते. म्हणूनच विकेंद्रीकरणाचा विचार शेतीपासून सुरू करणे योग्य ठरते.

प्रथम एक साधे गणित करू. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. पाच अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने चालला तर त्याला साधारण ३.७ किलोवॅट शक्ती लागते. आठ तासांत तो सुमारे ३० एकके, म्हणजेच ३० युनिट वीज वापरतो. आपल्याकडे एक किलोवॅट क्षमतेच्या सौर संचातून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ एकके मिळतात. म्हणजे ५ किलोवॅटच्या संचातून सुमारे २० एकके मिळतील आणि तो पंप पाच तासांहून थोडा अधिक वेळ पूर्ण भाराने चालू शकेल. पावसाळी ढगांत हे प्रमाण घटते. पण त्या काळात पाण्याची गरजही बहुधा कमी असते. (मोटारीच्या अंतर्गत हानीमुळे प्रत्यक्षातील आकडे थोडे वेगळे येतात, संकल्पना समजण्यासाठी एवढे गणित पुरेसे आहे.)

शेतीला सौर वीज देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग स्वतंत्र सौर पंपाचा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या पीएम-कुसुम योजनेत त्यासाठी अनुदानाची तरतूद आहे. जेथे वाहिनी पोहोचणे कठीण, तेथे हा मार्ग उपयुक्त आहे. शेतकरी वाहिनीवर अवलंबून राहत नाही. पण पंप चालत नाही त्या दिवसांत तयार होऊ शकणारी वीज वाया जाते, आणि पॅनेलची राखण व दुरुस्ती त्यालाच पाहावी लागते.

दुसरा मार्ग संपूर्ण वाहिनीच सौर विजेवर चालवण्याचा. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली. राळेगणसिद्धी येथे तिचा प्रायोगिक प्रकल्प झाला. वितरण उपकेंद्राच्या जवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट त्या उपकेंद्रातून शेतीच्या वाहिन्यांना द्यायची, अशी ही रचना आहे. शेतकऱ्याने पंप बदलण्याची गरज नसते; वीज मात्र दिवसा मिळते आणि दूरवरून आणावी लागत नाही. २०२३ मध्ये या योजनेचे दुसरे पर्व सुरू झाले. त्यात जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, अशी तरतूद आहे. या पर्वातील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. त्याची क्षमता ३ मेगावॅट आहे.

या योजनेचे आर्थिक मर्मही समजून घ्यावे. शेतीला वीज स्वस्त देता यावी म्हणून उद्योग आणि व्यापारी ग्राहकांकडून अधिक दर घेतला जातो आणि शासनही अनुदान देते. २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात वीजबिल माफ करण्यात आले आहे. म्हणजे तो खर्च शासनाच्या तिजोरीतून होतो. उपकेंद्राजवळ तयार होणारी सौर वीज स्वस्त पडली, तर हा भार हलका होऊ शकतो. अशा रीतीने दिवसा पाणी देण्याची सोय आणि तिजोरीची बचत या दोन गोष्टी येथे एकत्र येतात.

४.२.५ घराच्या छतावरील वीज

एक किलोवॅटच्या संचाला साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. छतावरील पॅनेलमध्ये तयार होणारी एकदिश वीज इन्व्हर्टर प्रत्यावर्ती करतो. घरात वापरून उरलेली वीज जाळ्यात जाते आणि द्विमार्गी मीटर येणारी व जाणारी अशी दोन्ही एकके मोजतो. समजा, एका महिन्यात तुम्ही जाळ्यातून २५० एकके घेतली आणि १८० एकके जाळ्याला दिली. तर ऊर्जेचा आकार केवळ ७० एककांवर लागेल. स्थिर आकार मात्र द्यावाच लागतो. या पद्धतीला नक्त मापन म्हणतात.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू केली. एक कोटी घरांवर सौर संच बसवणे हे तिचे लक्ष्य आहे. दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचासाठी कमाल ७८ हजार रुपये अनुदान तीत ठरवले आहे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. छतावर संच बसवला म्हणजे वीज गेल्यावरही घरात दिवे राहतील, असे अनेकांना वाटते. बॅटरी नसलेला, जाळ्याला जोडलेला संच वीज जाताच स्वतःहून बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनला उलट दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून तशी योजना केलेली असते. अखंड वीज हवी असेल, तर बॅटरी आणि तिच्यासाठी योग्य असा इन्व्हर्टर लागतो आणि त्याने खर्च वाढतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.

१) नक्त मापन म्हणजे काय?
२) वीज गेल्यावर जाळ्याला जोडलेला सौर संच का बंद होतो?
३) ३ किलोवॅटच्या सौर संचातून ३० दिवसांत सरासरी किती एकके वीज मिळेल?

४.२.६ विकेंद्रीकरणापुढील प्रश्न

कोणत्याही व्यवस्थेचे मूल्यमापन तिच्या गुणांबरोबर दोषांचाही विचार करून व्हावे. विकेंद्रित वीजनिर्मितीपुढे पुढील प्रश्न आहेत.

(अ) सायंकाळचा प्रश्न : सूर्य मावळतो तेव्हा घरोघरी दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी संच सुरू होतात. दुपारी वीज अधिक आणि संध्याकाळी कमी, अशी स्थिती निर्माण होते. त्यासाठी साठवण लागते. बॅटरी हा एक उपाय आहे. उदंचन जलविद्युत हा दुसरा. घाटघर येथील २५० मेगावॅटच्या प्रकल्पात विजेची मुबलकता असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज मिळवतात.

(आ) देखभालीचा प्रश्न : बिहारमधील धरनई गावात २०१४ मध्ये स्वतंत्र सौर लघुजाळे सुरू झाले. त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण त्यावर मोठी उपकरणे चालत नव्हती, म्हणून ग्रामस्थांनी वाहिनीवरची ‘खरी’ वीज मागितली. ती वीज आल्यावर लघुजाळे हळूहळू दुर्लक्षित होऊन निकामी झाले. गावाला दुय्यम दर्जाची वीज देणे म्हणजे विकेंद्रीकरण नव्हे. देखभालीचा खर्च कोण करणार, बॅटरी कोण बदलणार आणि बिघाड झाल्यास दाद कोणाकडे मागायची, हे आधी ठरले पाहिजे.

(इ) भूजलाचा प्रश्न : दिवसा आणि जवळजवळ विनामूल्य वीज मिळाली की पंप अधिक वेळ चालतात आणि विहिरी खोल जातात. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी संस्था स्थापन केली आणि पाणी उपसून उरलेली वीज जाळ्याला विकली. पाणी उपसण्याऐवजी वीज विकण्यातही लाभ आहे असे दिसले, तर उपसा आटोक्यात राहू शकतो. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राने या प्रयोगाचा विचार करावा.

(ई) समन्यायाचा प्रश्न : छत ज्याचे, त्याला छतावरील वीज. भाड्याच्या खोलीत, चाळीत किंवा झोपडीत राहणाऱ्याला ती कशी मिळणार? संपन्न ग्राहक स्वतःची वीज तयार करू लागले, तर वितरण कंपनीचे उत्पन्न घटते. मात्र खांब, तारा आणि रोहित्रे यांचा खर्च कायम राहतो. तो उरलेल्या, तुलनेने गरीब ग्राहकांवर पडण्याचा धोका असतो.

(उ) जमिनीचा प्रश्न : एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला चार ते पाच एकर जमीन लागते. खासगी जमीनमालकाला भाडे मिळते. पण प्रकल्प गायरानावर आला, तर तेथे जनावरे चारणाऱ्या भूमिहीनाला काय मिळते? मुळशीचा प्रश्न येथे लहान आकारात पुन्हा समोर येतो. निर्मिती जवळ आली म्हणजे न्याय आपोआप जवळ येतो, असे नाही. ग्रामसभेत त्याची चर्चा व्हावी लागते.

४.२.७ उद्याचा वीजपुरवठा

वरील विवेचनावरून मोठी केंद्रे आणि वीजजाळे आता अनावश्यक झाले आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रुग्णालये, रेल्वे, पोलाद कारखाने यांना अखंड आणि मोठ्या प्रमाणावर वीज लागते. शिवाय एका प्रदेशात ढग असतील, तर दुसऱ्या प्रदेशातील ऊन वा वारा उपयोगी पडू शकतो. त्यासाठी जाळे हवेच. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि ‘एक देश, एक जाळे’ ही रचना पूर्ण झाली. ती विकेंद्रीकरणाला पूरक आहे.

बदलते आहे ती जाळ्याची भूमिका. आजवर वीज केंद्राकडून ग्राहकाकडे एकाच दिशेने वाहत होती, जणू धरणातून कालव्यात आणि कालव्यातून चारीत येणारे पाणीच. उद्याचे जाळे गावच्या आठवडी बाजारासारखे असेल. तेथे कोणी आज विकणारा असेल, तोच उद्या घेणारा असेल. ग्राहक हा उत्पादकही होईल. अशा व्यवस्थेत मोजमाप, हवामानाचा अंदाज, साठवण आणि तोल राखणारी यंत्रणा यांचे महत्त्व वाढेल. वायरमनच्या कामाचे स्वरूप बदलेल. पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांची दुरुस्ती जाणणाऱ्या तरुणांना गावातच काम मिळू शकेल.

तथापि, तंत्र कितीही बदलले तरी वीजपुरवठ्याची कसोटी तीच राहील. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते का? परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला दिवा मिळतो का? बिल त्याला परवडते का? आणि ज्याच्या जमिनीवर वीज तयार होते, त्याला निर्णयात स्थान आहे का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येतील, तेव्हाच विकेंद्रीकरण झाले असे म्हणता येईल.

४.३ सारांश

सार्वजनिक वीजपुरवठा स्थानिक स्वरूपात सुरू झाला. रोहित्र आणि उच्चदाब पारेषण यांमुळे तो केंद्रित झाला. या व्यवस्थेने उद्योग उभे केले आणि गावोगाव वीज नेली; परंतु ऊर्जेची हानी, व्यापक बिघाडाचा धोका, पर्यावरणीय भार आणि निर्णयाचे अंतर या तिच्या मर्यादा आहेत. सौर कृषी वाहिनी, सौर पंप, छतावरील संच आणि सहवीजनिर्मिती ही विकेंद्रीकरणाची रूपे महाराष्ट्रात रुजत आहेत. शेतीला दिवसा वीज मिळणे हा त्यांचा मोठा सामाजिक लाभ होय. साठवण, देखभाल, भूजल, समन्याय आणि जमीन हे प्रश्न मात्र सोडवावे लागतील. भविष्यात मोठी केंद्रे आणि लहान संच परस्परपूरक राहतील.

४.४ पारिभाषिक शब्द

• रोहित्र : प्रत्यावर्ती विजेचा दाब वाढवणारे किंवा कमी करणारे साधन.
• पारेषण : उच्च दाबाने वीज दूर अंतरावर वाहून नेणे.
• वाहिनी : उपकेंद्रातून निघून ठरावीक भागाला वीज देणारी तारांची मालिका, फीडर.
• एकक : एक किलोवॅट शक्ती एक तास वापरल्यास खर्च होणारी ऊर्जा, युनिट.
• सहवीजनिर्मिती : एकाच इंधनापासून उष्णता आणि वीज या दोहोंचा लाभ घेणे.
• उदंचन जलविद्युत : पाणी वर चढवून ठेवून गरजेच्या वेळी त्यापासून वीज मिळवण्याची पद्धत.
• लघुजाळे : एखाद्या वस्तीपुरते मर्यादित असलेले स्वतंत्र वीजजाळे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : १) एक शतांश २) १९२१ ३) महावितरण

स्वयं-अध्ययन प्रश्न २ :
१) जाळ्यातून घेतलेल्या विजेतून जाळ्याला दिलेली वीज वजा करून उरलेल्या एककांवर आकारणी करण्याच्या पद्धतीस नक्त मापन म्हणतात.
२) दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यास उलट दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तो बंद होतो.
३) ३ × ४ × ३० = सुमारे ३६० एकके.

४.६ स्वाध्याय

१) केंद्रित वीजव्यवस्थेच्या मर्यादा सोदाहरण स्पष्ट करा.
२) स्वतंत्र सौर पंप आणि सौर कृषी वाहिनी यांची तुलना करा.
३) ‘निर्मिती जवळ आली म्हणजे न्याय आपोआप जवळ येतो, असे नाही.’ या विधानाची चर्चा करा.
४) टिपा लिहा : (अ) नक्त मापन (आ) पुरा गावातील प्रयोग (इ) सायंकाळच्या विजेचा प्रश्न.

४.७ क्षेत्रीय कार्य

१) आपल्या घराचे मागील १२ महिन्यांचे वीजबिल पाहा. दरमहा वापरलेल्या एककांचा तक्ता करा आणि तेवढ्या विजेसाठी किती किलोवॅटचा सौर संच लागेल, याचा हिशेब मांडा.

२) आपल्या परिसरातील तीन शेतकऱ्यांशी बोला. त्यांपैकी किमान एक महिला असावी. शेतीला वीज कोणत्या वेळी मिळते, रात्री पाणी देण्यास घरातील कोण जाते आणि दिवसा वीज मिळाल्यास दिनक्रमात कोणता बदल होईल, याची माहिती घेऊन सुमारे ५०० शब्दांत अहवाल लिहा. बोलणाऱ्यांचे शब्द शक्यतो त्यांच्याच बोलीत नोंदवा. मराठीच्या अभ्यासकासाठी तोही महत्त्वाचा पुरावा असतो.